तुझ्यावर भात करीन

आमच्या एकोडीत कुणी कुणाला धमकी दिली की ऐकणारा आधी हसतो. भांडण शेताच्या धुऱ्यावरून असो की नळाच्या रांगेवरून, तापलेला माणूस हात वर करून म्हणतो, "थांब, तुह्यावर भात करीन," आणि निम्मं भांडण तिथंच विरतं. नव्या सुनांना आधी कळत नाही. दोन महिन्यांत त्याही नवऱ्याला हेच ऐकवायला लागतात. साकोलीपलीकडे हे बोलणं कुणाला ठाऊक नाही, आणि शब्दकोशात तर शोधूच नये. त्याचा जन्म आमच्या घरात झाला, मी दहा वर्षांची असताना. भंडाऱ्याचे दोन जिल्हे होऊन गोंदिया वेगळा निघाला, त्या सुमाराची गोष्ट. गाव हसलं आणि गावापुरता विषय संपला. माझ्या मायनं मात्र त्यापायी सात वर्षं ऐकून घेतलं. आता माझी पस्तिशी उलटली, चष्मा लागला, गुडघे कुरकुरतात, तरी त्या सात वर्षांचा राग माझ्यात ताजा आहे. तो गिळून टाकावा असं मला कधी वाटलेलं नाही, आणि हे प्रकरण मी त्या रागानंच लिहिते आहे.

बाबांची दीड एकर धानाची जमीन होती, पण गावात त्यांची ओळख शेतीवरून नव्हती, अक्षरावरून होती. धान कापून झाला की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, पाहुणेरावळे, सोयरिकीच्या गोष्टी, आणि दिवस मावळल्यावर नाटक. आमच्या मोहल्ल्याची स्वतःची नाटक मंडळी होती. नाटकाची मूळ वही एकच. प्रत्येक नटाला त्याची वाक्यं वेगळ्या कागदांवर उतरवून द्यावी लागत. त्या कागदांना नक्कल म्हणतात. नकला उतरवायचं काम बाबांचं. मूळ वही आज्यानं, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, दूरच्या कुठल्या गावी पंधरा दिवस राहून, दिवसा मजुरी आणि फावल्या वेळी लेखन करून स्वतःच्या हातानं उतरवून आणली होती. धोतराच्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून ती लोखंडी पेटीत असे. घरातले देव आज्यानंच कधीच बोडीत, गावच्या लहान तळ्यात, सोडले होते; त्यांच्या जागी भिंतीवर निळ्या चौकटीतल्या दोन तसबिरी आणि खाली ही पेटी. वहीला उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. नट कितीही मोठा असो, त्याच्या हातात नक्कलच पडायची. नक्कल भिजली, फाटली, बकरीनं खाल्ली तरी दुसरी निघे. वहीला काही झालं असतं तर नाटकच गेलं असतं.

नकला दुपारी निघत. माय सातवी शिकलेली, लाखांदुराकडची; आमच्या मोहल्ल्यात तिच्या वयाच्या बायकांत एवढी शिकलेली तीच. मांडीवर वही घेऊन ती वाचे आणि बाबा लिहीत. तिचं वाचणं नाटकी नव्हतं. खलनायकाची गर्जना असो की नायिकेचं रडणं, ती धान पाखडावं तसं एकाच लयीत वाचून टाकी. वाक्य लिहून झालं की बाबा मान वर न करता म्हणत, "समोर." पुढे जा म्हणायला आमच्याकडे 'समोर' म्हणतात. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन: मायचा सपाट स्वर, टाकाची करकर, मधे एकदा "समोर", आणि चुलीवर लाखोरीच्या डाळीला येणाऱ्या उकळ्या. मी आणि माझी मोठी बहीण वैशू दाराशी बसून चिंचोके खेळायचो. बाबांचा एक नियम होता, तो आम्हाला पाठ झाला होता. नकलणाऱ्यानं अर्थात शिरायचं नाही. हातानं लिहायचं, डोक्यानं नाही. डोकं घातलं की चूक झालीच म्हणून समजा.

त्या साली मंडळींनी आज्यानं उतरवून आणलेलं ते जुनं नाटक पुन्हा काढलं. त्यातला खलनायक आज्या स्वतः करायचा, तोंडपाठ. त्यामुळे त्या भागाची नक्कल कधी निघालीच नव्हती. आज्या वारला आणि भाग डोमाजी काकांकडे आला. डोमाजी काका सायकली दुरुस्त करायचे. आवाज असा की चाकात हवा भरताना शिवी दिली तर ती अर्ध्या गावाला लागे. पण तालमीत ते सगळं पुटपुटत म्हणायचे. खरा आवाज लोकांसमोरच काढीन, उगाच वाया घालवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मंडईच्या दिवशी त्यांनी तो काढला. नायकाची गचांडी धरून, डोळे फिरवून, गावकुसापर्यंत ऐकू जाईल असे ते गरजले, "याद राख! एक दिवस मी तुझ्यावर भात करीन!" मग मागून कुणीतरी ओरडलं, "वरण पण करजो गा!" आणि मांडव फुटला. तुझ्यावर मात करीन, असं होतं ते वाक्य. 'म'चा 'भ' झाला होता. डोमाजी काकांनी नक्कल उंच धरून दाखवली: बाबांचं मोत्यासारखं अक्षर, आणि त्यात ठळक, गोल, निःसंशय 'भात'.

बाबा त्यानंतर तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. चौथ्या दिवशी पडले ते उत्तर घेऊनच: वाचणारीनं भात वाचला म्हणून मी भात लिहिला. बायकांचं लक्ष चुलीत असते, त्यांना भातच दिसणार. लोकांना हे पटलं, कारण ते सोपं होतं आणि त्यात आणखी एकदा हसता येत होतं. वही परत पेटीत गेली, ती सात वर्षं उघडली नाही. तिनं पुन्हा वाचायला बसायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला आठवत नाही. मंडळी उसन्या वह्या आणून दुसरी नाटकं करू लागली, त्यांच्या नकला वाचायला बाबा मला बसवू लागले. मी वाचत असे आणि माय आत धान कांडत असे. कुणी पाहुणा आला, भाताचा विषय निघाला की बाबा तिच्याकडे बोट करून हसत. ती पदर सावरून पाण्याचा तांब्या आणायला जाई. मला वाटे, ही एकदा तरी उलटून का बोलत नाही.

वैशूचं दुखणं त्याआधीपासूनचं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, अंगानं काडी, जिभेनं सुरी. डोळे कायम पिवळसर. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलपाण्यात उभी राहिली की त्या संध्याकाळी तिचे हातपाय असे ठणकायला लागत की चादरीचा स्पर्शही सोसत नसे. माय मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकायची, एरंडाची पानं बांधायची. गावातला डॉक्टर वात म्हणायचा. सानगडीला दिलेली माझी आत्या म्हणायची, नाटकं करते, काम चुकवते. वैशू दातांत पदर धरून तिच्याकडे बघायची आणि ठणका ओसरला की शांतपणे म्हणायची, "आत्या, येक दिवस तुह्यावर भात करीन." घरात ते वाक्य बोलायची हिंमत तिचीच. बाबासुद्धा तिला रागावत नसत.

मी बारावीला, साकोलीच्या कॉलेजात विज्ञान शाखेला होते तेव्हा गावच्या आरोग्य केंद्रात रक्ततपासणीचं शिबिर झालं. माय वैशूला घेऊन गेली. नर्सबाईंनी मायचंही रक्त घेतलं, मी कॉलेजातून आले तसं माझंही घेतलं. काही दिवसांनी कार्डं आली. वैशूचं लाल, मायचं पिवळं, माझं पिवळं. सिकलसेल. लाल म्हणजे आजार, पिवळं म्हणजे आजार नाही पण आजाराची खूण अंगात आहे, पांढरं म्हणजे काहीच नाही, असं नर्सबाईंनी सांगितलं आणि बाबांनाही पाठवा म्हणाल्या. बाबा म्हणाले, मला काय झालं आहे? बैलासारखा राबतो. मी कायले सुई टोचून घेऊ?

त्या कार्डांची बातमी सानगडीला पोचायला एक बाजार पुरला. आत्या आली ती निकाल घेऊनच आली. रोग मायच्या माहेरचा. पिवळं कार्ड तिचं आहे, पुरावा हातात आहे. आपल्या कुळात असं कधी कुणाला नव्हतं. आता मंडई तोंडावर आली, पाहुणे येतील, आत्याच्या स्वतःच्या मुलीची सोयरीक व्हायची आहे. घरात लाल कार्ड आहे हे कळलं तर दारात कोण उभं राहील? तेव्हा मंडई झाली की मायनं वैशूला घेऊन लाखांदुराला भावाकडे राहायला जावं. रोग त्यांचा, त्यांनी सांभाळावा. बाबा आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, काही दिवस जा, पुढचं पुढं पाहू. काही दिवस म्हणजे किती हे मायनं विचारलं नाही. मी विचारलं. बाबा उठून शेताकडे गेले. देव बोडीत सोडून आमच्या घराला किती वर्षं झाली होती, पण कूळ नावाचा दगड अजून तसाच बसवलेला होता, आणि त्याला नैवेद्य म्हणून आता माझी माय आणि बहीण जायची होती.

त्याच आठवड्यात कॉलेजात लांजेवार सरांनी पेशीचा धडा घेतला. सर बारीक, खडूनं पांढरे झालेले, वर्गाकडे पाठ करून फळ्याशी बोलणारे. पेशीच्या आत केंद्रक असतं, त्यात डीएनए असतो, म्हणाले. त्यात चारच अक्षरं, पण त्या चार अक्षरांत अख्खं शरीर लिहिलेलं. डीएनए केंद्रकाबाहेर येत नाही. ज्या भागाचं काम आहे तेवढ्याच भागाची प्रत निघते, तिला आरएनए म्हणतात. ती बाहेर जाते. बाहेर रायबोसोम ती प्रत तीन-तीन अक्षरांनी वाचतं आणि प्रत्येक शब्दाला एक याप्रमाणे अमिनो आम्लाचे मणी ओवत जातं. माळ पुरी झाली की दुमडून प्रथिन तयार होतं आणि कामाला लागतं. सर 'प्रत' म्हणत होते. मी मनातल्या मनात दुरुस्त केलं: नक्कल. पेटीतली वही, उंबरा न ओलांडणारी. हातात फक्त आपला भाग घेऊन बाहेर जाणारी नक्कल. ती वाचून उभा राहणारा नट. हे मला कुणी शिकवायची गरजच नव्हती, मी ते दाराशी चिंचोके खेळताना पाहिलेलं होतं. आणि पेशीची वाढ होताना, एकीच्या दोन होताना, अख्खी वहीच उतरवली जाते, सर म्हणाले: दोन पदर सुटे होतात, ए समोर टी, जी समोर सी, असं जुन्या पदरावरून नवा पदर लिहिला जातो, आणि लिहिता लिहिता चूक दिसली तर खोडून दुरुस्तही होते. तरी एखादी राहतेच.

तास संपल्यावर मी सरांना गाठलं. मुली शंका विचारत नसत, त्यामुळे ते दचकले. मी विचारलं, नकलेत चूक झाली तर? ते म्हणाले, एका नकलेत झाली तर फारसं बिघडत नाही, ती नक्कल मोडीत जाते, दुसरी निघते. पण चूक डीएनएतच असेल तर प्रत्येक नक्कल इमानदारीनं चुकीचीच निघेल. पेशीला अर्थ कळत नाही, तिला फक्त उतरवता येतं. मग मी का विचारते ते न विचारता त्यांनी फळ्यावर लिहिलं: जीएजी. मधलं ए पुसून टी केलं: जीटीजी. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत एकशे सेहेचाळीस मणी असतात, म्हणाले, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, या एका अक्षरानं तिथं व्हॅलिन येतं. मग ऑक्सिजन कमी पडला की प्रथिनं एकमेकांना चिकटतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नसांत अडकते. एवढंच. याला सिकलसेल म्हणतात. एक अक्षर. माझ्या बहिणीची सगळी दुखणी त्या फळ्यावरच्या एका खडूच्या टी एवढी होती. मी शेवटचं विचारलं: लाल कार्ड एकट्या आईकडून येतं का? सरांनी हात झटकले. प्रत्येकाकडे या मजकुराच्या दोन वह्या असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक चुकलेली असली तर दुसरी सांभाळून घेते, माणूस धडधाकट दिसतो. लाल कार्डाला दोन्ही चुकलेल्या लागतात. "एकट्या बाईच्या माथी मारता येत नाही ते," सर म्हणाले, आणि मग पहिल्यांदा फळ्याकडून वळून माझ्याकडे पाहिलं. मी एकोडीपर्यंत एसटीत उभी राहून आले. बसायला जागा होती, पण मला बसवत नव्हतं.

मंडईच्या दिवशी घरात सकाळपासून वडे तळले जात होते. लाखोरीच्या डाळीचे वडे, सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, आणि मिरचीचं वाटण, बोडीतले झिंगे घातलेलं वांगं. माय तळत होती आणि तिच्या मागं कोपऱ्यात एक पिशवी भरून तयार होती, तिची आणि वैशूची. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघायचं होतं. दुपारी ओसरीवर आत्या, तिचे यजमान, डोमाजी काका आणि बाबा बसले होते. मी वडे घेऊन गेले आणि ताट ठेवताना सरळ सांगितलं की लाल कार्डाला आई आणि बाप दोघांचं रक्त लागतं, तेव्हा माय कुठंही जाणार नाही, आणि बाबांनी उद्या तपासणी करून घ्यावी. बाबांनी हातातला वडा ताटात ठेवला. "पोट्टी कालेजात शिकून राहिली का बापाले शिकवून राहिली?" ते म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले की माझ्या बापाच्या रक्तात चूक नव्हती आणि माझ्या रक्तातही नाही.

आत्या हसली. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं. ती म्हणाली, "तुह्या बापाच्या हातून कधी चूक झाली हाये का वं? भात कोणी वाचला होता, इचार आपल्या मायले."

मी पेटीपाशी गेले. पेटीला हात लावायचा नाही हे मला चालता येण्याआधीपासून शिकवलेलं होतं. मी फडकं सोडलं. मला वाटत होतं की वहीत 'मात' असेल, म्हणजे निदान बाबांनी ऐकताना घोटाळा केला असं म्हणता येईल. एवढ्यासाठीच मी ती उघडली होती. चौथ्या अंकात ते पान सापडलं. आज्याचं जाड, ओझं वाहिल्यासारखं अक्षर. मी ते वाक्य पाहिलं आणि वही तशीच उघडी ओसरीवर नेली. वहीनं उंबरा ओलांडला तेव्हा बाबा ताडकन उठले. मी त्यांच्यासमोर पान धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "एक दिवस मी तुझ्यावर भात करीन." 'भ'ला गाठ होती, वरची रेघ तुटलेली होती, संशयाला जागा नव्हती. मी म्हटलं, मायनं वहीत होतं तेच वाचलं, तुम्ही ऐकलं तेच लिहिलं. चूक नकलेत नव्हतीच. चूक वहीत आहे, आणि वही तुमच्या बापाची आहे. आज्याच्या तोंडात बरोबर शब्द होता म्हणून जन्मभर कुणाला कळलं नाही. तो गेला आणि चूक वर आली. पिवळं कार्डही असंच असतं, बाबा.

डोमाजी काकांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि मान हलवली. म्हणाले, "भातच हाये गा." मग ते हसले नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. सात वर्षं गावानं ज्यांच्या तोंडचं वाक्य चघळलं, ते त्या दिवशी हसले नाहीत.

माय झारा हातात घेऊनच दारात आली होती. तिचं तोंड चुलीच्या आचेनं लाल झालं होतं. ती बाबांना म्हणाली, "मले ठाऊक होतं. वाचता वाचता मी थांबली होती त्या जागी. तुमी म्हणाले, समोर." एवढंच. बाबांनी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं? ती म्हणाली की मामंजींना वारून वर्ष झालं नव्हतं, मेल्या माणसाचं अक्षर काढून कोणाकोणाला दाखवत फिरू? आणि मग झाऱ्यातलं तेल खाली ठिबकत होतं म्हणून आत गेली. माझा राग तेव्हा अर्धा तिच्यावरही फिरला. तिनं सासऱ्याचं नाव राखलं आणि त्याची किंमत स्वतः दिली, हे मोठेपण आहे हे मला आज कळतं. तरी असलं मोठेपण मी कुणा मुलीला शिकवणार नाही. आपल्यावरचा खोटा आळ त्याच दिवशी झटकावा, सात वर्षं पदरात बांधून ठेवू नये.

आतून वैशूचा आवाज आला. पायांना एरंडाची पानं बांधून ती खाटेवर पडली होती. "आत्या, वडे खाऊन घे. भात करून राहिली तुह्यावर." आत्या वडे न खाताच सानगडीला गेली. पुढं दोन वर्षं आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी धुवट सदरा घातला आणि कुणाला न सांगता आरोग्य केंद्रात जाऊन आले. आठवडा गेला. कार्ड आलं ते पिवळं. त्यांनी ते मायच्या कार्डाशेजारी, तसबिरींच्या खाली चौकटीत खोचलं, येणाऱ्याला दिसेल असं. कुणी विचारलं तर सांगत, दोघांचंही आहे. कोपऱ्यातली पिशवी मायनं स्वतःच रिकामी केली, लुगडी पुन्हा वळणीवर टाकली. बाबांनी तिची माफी मागितली का, हे मला माहीत नाही. मागितली असती तर मला ऐकू आली असती. आमचं घर एवढं मोठं नव्हतं.

मी पुढं रक्ततपासणीचंच काम शिकले आणि आजवर तेच करते. कित्येकदा काचपट्टीवर विळे दिसतात आणि बाहेर बाकावर एखादी बाई खाली मान घालून बसलेली असते. मी तिला आत बोलावते आणि नवऱ्यालाही. नवऱ्याला आधी बसवते. माझ्या लग्नाच्या वेळी मी पाहुण्यांना चहाआधी कार्ड विचारायची. दोघे उठून गेले. तिसरा पांढरं कार्ड खिशात घालूनच आला होता. त्याच्याशी पंधरा वर्षं भांडत संसार केला आहे. वैशू आज चाळिशीला आली. साकोलीला तिचं शिवणाचं दुकान आहे. दुखणं येतं, दवाखान्यात राहावं लागतं, रक्त चढतं. सलाइन लावलेल्या हातानं ती नर्सला ब्लाउजचं माप सांगत असते. तिचं फार दिवसांचं नाही असं आम्हाला एका मोठ्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते डॉक्टर आता निवृत्त झाले.

त्या मंडईच्या पुढच्या वर्षी धान कापून झाला तेव्हा मंडळी पुन्हा तेच नाटक मागायला आली. गावाला दुसरं नकोच होतं. बाबांनी दुपारी पेटी उघडली, फडकं सोडलं आणि मला हाक मारली नाही. वही घेऊन ते चुलीपाशी गेले आणि मायच्या मांडीवर ठेवली. मग हात पुसून तिनं पहिलं पान उलटलं. वैशू गुडघ्यावर शेकायची पिशवी घेऊन भिंतीला टेकली होती, मी दाराशी. चौथ्या अंकाला यायला तिसरा दिवस लागला. त्या जागी आल्यावर माय थांबली. टाकही थांबला. बाबांनी मान वर केली; लिहिताना त्यांना मान वर करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "का हाये तिथं?" त्यांनी विचारलं.

"भात," माय म्हणाली.

त्यांना 'मात' लिहिता आलं असतं. अर्थ त्यांना कळत होता, सगळ्या गावाला कळत होता. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि ठळक, गोल, निःसंशय अक्षरात लिहिलं. "आपल्या घरची चूक हाये," ते म्हणाले, "आपल्याच अक्षरात राहू दे." मग कागदावर मान खाली घातली.

"समोर."